वेशीबाहेरचे सूर

हुबळी-धारवाडचे नाव निघाले की मराठी रसिकाचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो. मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, गंगूबाई हनगल यांना आपण परके कधी मानलेच नाही. परंतु या भूमीतील सूर नेहमीच मानाच्या पाटावर बसून आलेला नाही. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात महात्माजींसमोर स्वागतगीत गाणारी अकरा वर्षांची गंगूबाई मनातून धास्तावली होती. भीती सूर चुकण्याची नव्हती. आपण खालच्या जातीच्या, तेव्हा जेवणानंतर आपणांस उष्टी काढावयास तर सांगणार नाहीत ना, ही ती भीती होती. ही आठवण पुढे त्यांनी स्वतःच सांगितली. त्याच गंगूबाईंना २००२ साली पद्मविभूषण मिळाले, आणि म्हैसूरच्या संगीत विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे.

गोमंतकाने तरी याहून निराळे काय केले? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावाने आज आपली मान ताठ होते. परंतु ज्या कलावंत समाजात त्या जन्मल्या, त्याला देवळाच्या सेवेत राबवून घरच्या उंबरठ्याबाहेर ठेवणारे आपलेच पूर्वज होते. सूर आधी वेशीबाहेर ठेवावयाचा आणि पुढे त्यालाच हार घालावयाचा, ही आपली जुनी रीत आहे.

ती रीत मोडण्याची संधी आजची तरुण पिढी देत आहे. चेन्नईत २०१७ साली चित्रपट दिग्दर्शक पा. रणजित यांचे नीलम सांस्कृतिक केंद्र आणि संगीतकार तेन्मा यांच्या प्रयत्नांतून ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद उभा राहिला. ६ जानेवारी २०१८ रोजी त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. हे नाव तमिळ विचारवंत अयोथी दास यांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या कल्पनेवरून घेतलेले आहे. उत्तर चेन्नईच्या गरीब वस्त्यांत मयताच्या वेळी गायिले जाणारे ‘गाना’ गीत आणि अंत्ययात्रेत वाजते म्हणून अपवित्र ठरविलेले पराई वाद्य या मुलांनी रॉक आणि रॅप यांच्या शेजारी आणून बसविले. आरक्षणावरून रोज ऐकावे लागणारे टोमणे हा त्यांच्या गीताचा विषय झाला.

हा गोंगाट आहे, यात संगीत कोठे आहे, असे कोणी म्हणेल. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या डफावर संयुक्त महाराष्ट्राचे रान पेटले, तेव्हाही काही कान असेच किटले असतील. डफाच्या जागी गिटार आली, एवढ्याने गाऱ्हाणे परके होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या वृंदातील गायिका इसैवाणी यांच्या, मंदिरप्रवेशाचा प्रश्न मांडणाऱ्या २०१८ सालच्या एका गीताविरुद्ध २०२४ साली श्रद्धा दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. श्रद्धावंताला दुःख होऊ शकते, ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु ज्याला गाभाऱ्यापासून पिढ्यानपिढ्या दूर ठेवले, त्याच्या दुःखाचे माप कोणत्या तराजूत करावयाचे? गीत पटले नाही तर त्यास युक्तिवादाने उत्तर द्यावे, वाटल्यास गीतानेच द्यावे. पोलीस ठाण्याची पायरी हे काही त्याचे उत्तर नव्हे.

या मुलांचे प्रत्येक शब्द मान्य करा, असा आमचा आग्रह नाही. ते ऐका, एवढीच विनंती आहे, आणि त्यांच्या गळ्यात हार पडण्याची वाट न पाहता आज, त्यांचा आवाज चिरका आणि रागावलेला असतानाच ऐका. बेळगावच्या मंडपात टाळ्या पुष्कळ झाल्या असतील. त्या चिमुकल्या गायिकेला जेवणाच्या पंगतीची भीती का वाटते, हे मात्र तेव्हा कोणी विचारले नाही.