पल्सारचा ठोका आणि वीजवाहिनीचा ठोका

काळेवाडीतील घरांपासून चाकणच्या कारखान्यांपर्यंत विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने पूर्ण करतो, आणि याच पुणे–नाशिक रस्त्याच्या पट्ट्यात पुढे नारायणगावजवळ, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतून पल्सार शोधणाऱ्यांना हा आकडा सदैव ध्यानात ठेवावा लागतो. पल्सार म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. त्याचा रेडिओ झोत दर फेरीला पृथ्वीवरून सरकतो आणि ठरावीक अंतराने ठोका पडतो. मात्र हा ठोका इतका क्षीण असतो की 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी टिपलेल्या नोंदीतही तो गोंगाटाखाली बुडालेला असतो.

तो वर काढण्याआधी अपस्करण दुरुस्त करावे लागते. ताऱ्यांमधील अवकाशात विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी उशिरा पोहोचतात. हा उशीर किती, हे आधी ठाऊक नसल्याने शेकडो संभाव्य मूल्ये धरून नोंद पुन्हा पुन्हा जुळवली जाते. जुळवलेल्या प्रत्येक मालिकेवर फूरिये रूपांतर केले की कालक्रमातील आवर्तन वारंवारतेच्या आलेखावर शिखर म्हणून दिसते. ठोका अरुंद असेल, तर त्याची शक्ती मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट स्थानांवर वाटली जाते, म्हणून ती शिखरे एकत्र मिळवतात. मग त्या आवर्तकालाच्या लांबीचे तुकडे करून ते एकावर एक रचले की गोंगाट मागे पडतो आणि ठोक्याचा आकार उमटतो.

खरी परीक्षा येथून पुढे सुरू होते, कारण आलेखावर शिखरांची वाण कधीच नसते. वीजवाहिन्यांवरील ठिणग्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला, म्हणजे सेकंदाला 100 वेळा उडतात, आणि त्याही नेमक्या आवर्ती असतात. स्थानिक उपद्रव ओळखण्याची खूण अशी की तो सर्व वारंवारतांवर एकाच वेळी येतो, त्याला अवकाशातला उशीर नसतो. आवर्तिता सापडणे सोपे, ती आकाशातली आहे हे ठरवणे अवघड.

कपोत तारकासमूहातील एनजीसी 1851 या गोलाकार तारकागुच्छातला पल्सार अशा शोधातील अडचणींचे उत्तम उदाहरण ठरतो. त्याचा आवर्तकाल सुमारे 5 मिलिसेकंद. पण 327 मेगाहर्ट्झभोवतीच्या केवळ 16 मेगाहर्ट्झ रुंद पट्ट्यातही अपस्करणामुळे त्याचा ठोका सुमारे 200 मिलिसेकंदांवर, म्हणजे जवळपास 40 आवर्तकालांवर, पसरतो. शिवाय तो सुमारे 18.8 दिवसांच्या, अतिशय लांबट कक्षेत जोडीदाराभोवती फिरत असल्याने डॉप्लर परिणामामुळे त्याचा आवर्तकाल कमीजास्त भासतो. अशा वेळी त्वरणाचीही अनेक मूल्ये धरून पाहावी लागतात आणि गणनेचा भार कितीतरी पटींनी वाढतो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला हा जीएमआरटीने लावलेला पल्सारचा पहिला शोध होय.