रणगाड्याखालचा माणूस

रणगाडा म्हणजे लढाईतला गाडा. चहूबाजूंनी जाड पोलाद, वर तोफ, आणि चाकांवरून फिरणारा लोखंडी पट्टा. या पट्ट्यामुळे तो नांगरटीतून, चिखलातूनही जातो. जगाने तो लढाईत प्रथम पाहिला १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोम नदीकाठी. बंदुकीच्या गोळीला तो भीक घालत नाही. पण सुरुंगाला भितो.

सुरुंग म्हटले की तुम्हांला विहिरीचा सुरुंग आठवेल. हा तसा नव्हे. ही दारूने भरलेली चपटी डबी. ती मातीत पुरून ठेवतात. वर वजन पडले की उडते. पट्टा तुटला की रणगाडा बसला जागच्या जागी! त्यातून रस्ता डोंगरातला असेल तर मागचे सगळेच अडकले. माळशेज घाटात एक ट्रक आडवा झाला की काय होते, हे मुरबाडच्या मंडळींना सांगायला नको.

१९४८ साली काश्मीरच्या लढाईत हीच अडचण आली. राजौरी गाव शत्रूच्या हाती होते. तिथे निरपराध माणसांची कत्तल झाली होती. उरलेल्यांना वाचवायचे तर रणगाडे लवकर पोचायला हवेत. नौशेऱ्याहून आपली फौज निघाली, पण वाटेत सुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली. वाट मोकळी करायचे काम आले रामा राघोबा राणे यांच्याकडे. हे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. १९४० साली साधे शिपाई म्हणून भरती झालेले, आता अधिकारी.

८ एप्रिलला काम सुरू होते न होते तोच वरून गोळे पडले. दोन जवान ठार, पाच जखमी. जखमींत राणेही होते. ते मागे फिरले नाहीत.

सुरुंग शोधतात कसा? पालथे पडायचे. संगिनीचे टोक मातीत तिरपे, अगदी हलके खुपसायचे. सरळ वरून दाबले तर घात! टणक लागले की बोटांनी माती सारायची. हे शांतपणी ठीक. इथे तर समोरून गोळ्या येत होत्या.

मग राणे रणगाड्याखालीच शिरले. दोन पट्ट्यांच्या मधून सरपटत निघाले. आत चालकाला हाक कशी ऐकू जाणार? म्हणून दोन दोर घेतले. एक ओढला की गाडा थांबे, दुसरा ओढला की चाले. आपल्या बैलांच्या कासऱ्यासारखेच की! फक्त हाकणारा गाड्याखाली.

असे चार दिवस चालले. ११ एप्रिलला तर सलग १७ तास. १२ एप्रिलला राजौरी आपल्या हाती आली. राणे यांना परमवीरचक्र मिळाले. तेही हयातीत.