पत्ता कोडमध्ये, चावी बाहेर

समजा, फेस्टचा पहिला दिवस आहे. सकाळचे साडेसात. तुम्ही रजिस्ट्रेशन डेस्कवर बसलाय. समोर लॅपटॉप, गळ्यात व्हॉलंटिअरचं कार्ड, पोटात फक्त एक कटिंग. एक मुलगी येते. साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडून आलीये, एकपात्री स्पर्धेसाठी. तिच्या मोबाइलवर ‘तुमची नोंदणी झाली आहे’ असा स्क्रीनशॉट आहे. तुमच्या यादीत मात्र तिचं नाव नाही. काय कराल?

मी काय केलं ते सांगते. ‘जरा बाजूला थांब हं,’ म्हटलं. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये हे खरंच झालं. तासाभरात अशी बाजूला थांबलेली दहा-बारा जणं जमली. दोघं तर वैतागून परतही गेली. नेमकं काय बिघडलंय हे आमच्या टेक टीमला कळेपर्यंत दुपार झाली.

गंमत म्हणजे फॉर्म बरोबर होता, कोड बरोबर होता, सर्व्हरही चालू होता. झालं असं होतं की तीन दिवस आधी कुणीतरी काहीतरी तपासायला एका ड्रॉपडाउनमध्ये खऱ्या टेबलऐवजी टेस्टचं टेबल निवडलं आणि परत फिरवायला विसरलं. त्यामुळे नवी नोंदणी जात होती टेस्टच्या टेबलात आणि आमची यादी येत होती खऱ्या टेबलातून. टेस्टचं टेबल म्हणजे कच्ची वही. आदल्या रात्री कुणीतरी ती स्वच्छ पुसून ठेवली होती! कुणी बदललं, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण अख्खी टीम एकच लॉगिन वापरत होती.

सोर्स कोण?

मी मास कॉमची. आमच्याकडे पहिल्या वर्षापासून एक प्रश्न डोक्यात ठोकून बसवतात. बातमी आणलीस? बरं, सोर्स कोण? फेस्ट संपल्यावर टेक टीममधल्या मैत्रिणीला मी कॅन्टीनमध्ये बसवून सगळं समजावून सांगायला लावलं, तेव्हा तिच्याही तोंडात तोच शब्द. डेटा सोर्स.

तुम्ही आर्ट्सचे असा की इंजिनीअरिंगचे, हे कळायला अवघड नाही. लायब्ररीचा काउंटर आठवा. तुम्ही चिठ्ठी देता, काका आत जातात, पुस्तक आणून देतात. ते कुठल्या कपाटात होतं याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसतं. एपीआय म्हणजे तो काउंटर. आतली कपाटं म्हणजे डेटा सोर्स. आणि ‘अशी चिठ्ठी आली की अमुक कपाटातून अशा पद्धतीने काढायचं’ ही काकांना दिलेली सूचना म्हणजे रिझॉल्व्हर. आता काकांना कपाटच चुकीचं सांगितलं तर? ते इमानदारीत चुकीच्या कपाटाकडे जातील. कुठलीही एरर येणार नाही, लाल अक्षरात काही दिसणार नाही. खरा लोचा इथेच आहे.

आमच्या टीमने ॲमेझॉनच्या क्लाउडवरचं ॲपसिंक वापरलं होतं, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. २०१७ च्या शेवटी जाहीर झालेली ही सेवा ग्राफक्यूएल पद्धतीचे एपीआय चालवते. ग्राफक्यूएल ही फेसबुकने २०१२ मध्ये स्वतःच्या मोबाइल ॲपसाठी बनवलेली आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केलेली भाषा. तिची खासियत अशी की काउंटर एकच, आणि तुम्हाला हवं तेवढंच मागायचं. एकाच मागणीत स्पर्धकाचं नाव एका ठिकाणाहून आणि स्पर्धेचं वेळापत्रक दुसऱ्या ठिकाणाहून येऊ शकतं.

म्हणूनच ॲपसिंकला एकावेळी अनेक सोर्स जोडता येतात. डायनॅमोडीबीचं टेबल, लॅम्डा फंक्शन, ऑरोरा डेटाबेस, शोधासाठी ओपनसर्च, किंवा बाहेरच्या एखाद्या सेवेचा साधा एचटीटीपी पत्ता. एक ‘नन’ नावाचाही सोर्स आहे. म्हणजे कुठूनच काही आणायचं नाही, आलेला निरोप जसाच्या तसा पुढे ऐकणाऱ्यांना पोहोचवायचा. जितकी कपाटं जास्त, तितकी चुकीचं कपाट उघडण्याची शक्यता जास्त.

क्लिक की कोड?

हे सोर्स जोडायचे दोन मार्ग. पहिला, ब्राउझरमध्ये कन्सोल उघडा, मेनूतून टेबल निवडा, सेव्ह करा. शिकताना हे मस्त आहे, डोळ्यांसमोर सगळं दिसतं. पण तुम्ही काय निवडलंत, कधी आणि का, हे तुमच्या डोक्यातच राहतं. डोकं पासआउट होऊन नोकरीला लागलं की ज्युनिअर्सनी काय करायचं?

दुसरा मार्ग म्हणजे हीच जोडणी कोडमध्ये लिहायची. ॲमेझॉनच्या क्लाउडसाठी त्याचं साधन आहे क्लाउड डेव्हलपमेंट किट, म्हणजे सीडीके. ते २०१९ मध्ये अधिकृतपणे आलं. टाइपस्क्रिप्ट, पायथॉन, जावा यांपैकी जी भाषा येत असेल ती चालते. माझ्या मैत्रिणीने यंदा सगळं यातच लिहून काढलं. तिने मला स्क्रीनवर दाखवलं, तर मुख्य ओळी चारच. पहिली म्हणते, एक टेबल तयार कर. दुसरी, एक एपीआय तयार कर. तिसरी, ‘ॲड डायनॅमोडीबी डेटा सोर्स’, म्हणजे ते टेबल या एपीआयला सोर्स म्हणून जोड. चौथी, ‘नोंदणी कर’ अशी मागणी आली की या सोर्सवर असं लिही.

तिसऱ्या ओळीत एक बारकावा आहे, तो नीट बघा. तिथे टेबलचं नाव हाताने टाइप केलेलं नाही. पहिल्या ओळीत जे टेबल बनलं, तेच व्हेरिएबल थेट तिसऱ्या ओळीला दिलंय. त्यामुळे स्पेलिंग चुकायचा किंवा गेल्या वर्षीचं नाव पेस्ट व्हायचा प्रश्नच नाही. टेस्टसाठी आणि खऱ्या फेस्टसाठी हाच कोड दोनदा चालवायचा, फक्त वेगळ्या नावाने. टेस्टच्या एपीआयला टेस्टचं टेबल मिळतं, खऱ्याला खरं.

चुका होणारच नाहीत असं नाही. पण त्या दिसतील. कोड गिटमध्ये असल्यामुळे कुठली ओळ कुणी, कोणत्या दिवशी बदलली हे कळतं. बदल लागू करण्याआधी ‘सीडीके डिफ’ ही कमांड चालवली की सध्या जे चालू आहे त्यात काय काय बदलणार याची यादी समोर येते. आमच्याकडच्या त्या ड्रॉपडाउनला अशी यादी असती, तर कुणीतरी नक्की म्हटलं असतं, ‘अरे थांब, हे टेस्टचं टेबल आहे!’

फक्त एक पथ्य पाळा. एकदा कोडमध्ये आणलंत की कन्सोलमध्ये जाऊन गुपचूप हात लावायचा नाही. तुम्ही तिथे हाताने केलेला बदल कोडला कळत नाही. मग कोड एक सांगतो आणि क्लाउड दुसरंच करतो.

चावी पायपुसण्याखाली ठेवू नका

‘मग सगळंच कोडमध्ये टाकू की,’ असं वाटलं असेल, तर इथे थांबा. सोर्सचा पत्ता कोडमध्ये हवा, चावी नको.

टोयोटाचं उदाहरण घ्या. या कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केलं की, तिच्या टी-कनेक्ट या सेवेच्या वेबसाइटच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये चुकून गिटहबवर सार्वजनिक ठेवला होता. त्यात डेटा सर्व्हरची ॲक्सेस की होती. सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक बाहेर गेल्याची शक्यता कंपनीला नाकारता आली नाही.

‘आमची रिपॉझिटरी प्रायव्हेट आहे,’ असं म्हणत असाल तर उबरचं २०१६ चं प्रकरण वाचा. हल्लेखोर कंपनीच्या खासगी गिटहबमध्येच शिरले. तिथल्या कोडमध्ये त्यांना क्लाउडच्या चाव्या सापडल्या आणि जगभरातल्या सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली.

मग चावी ठेवायची कुठे? उत्तर ऐकून मलाच आश्चर्य वाटलं. बऱ्याचदा चावी लागतच नाही. ॲपसिंकला टेबलपर्यंत जायला ‘रोल’ देता येतो. रोल म्हणजे गेटपास. या कामासाठी, या टेबलपुरता, तात्पुरता. चोराच्या हाती कोड लागला तरी त्यात पळवण्यासारखं काही नसतं. सीडीकेमधली ती तिसरी ओळ हा रोल आपोआप बनवते.

पण इथेही एक मेख आहे. न सांगितल्यास हा पास वाचायचा आणि लिहायचा, दोन्ही हक्क देतो. डेस्कवर नुसती यादी दाखवणाऱ्या सोर्सला लिहायचा हक्क कशाला? त्यासाठी ‘रीड ओन्ली ॲक्सेस’ नावाचा पर्याय आहे, तो चालू करायचा. आणि जिथे पासवर्ड लागतोच, उदाहरणार्थ ऑरोरासारख्या डेटाबेसला, तिथे तो सीक्रेट्स मॅनेजरमध्ये ठेवायचा आणि कोडमध्ये फक्त त्याचा संदर्भ द्यायचा.

एवढं कशाला, कॉलेजचंच तर ॲप आहे, असं म्हणू नका. फेस्टच्या फॉर्ममध्ये आपण काय काय मागतो? नाव, मोबाइल नंबर, कॉलेज, कधीकधी ओळखपत्राचा फोटोसुद्धा. शेकडो मुला-मुलींचे नंबर आपल्या भरवशावर असतात. आपल्या देशात २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आलाय. पण कायदा बाजूला ठेवा, तुमच्या बहिणीचा नंबर असा उघड्यावर पडलेला तुम्हाला चालेल का?

आता तुमचं प्रोजेक्ट उघडा

फायनल इयर प्रोजेक्ट असो, हॅकेथॉन असो की फेस्टचं ॲप, आज रात्री एवढं करा:

- प्रत्येक एपीआयसमोर लिहून काढा, हा डेटा कुठल्या सोर्समधून येतो? उत्तर ‘बहुतेक’ने सुरू झालं, तर तिथेच गडबड आहे.
- कोडमध्ये चावी किंवा पासवर्ड शोधा. सापडला तर नुसती ओळ खोडून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहतेच. ती चावी आधी रद्द करा, मग नवी घ्या.
- एकच लॉगिन सगळ्यांनी वापरणं बंद करा. प्रत्येकाचं वेगळं, आणि मुख्य खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी.
- टेबल गायब झालंय असं वाटलं तर घाबरण्याआधी वर कोपऱ्यात रिजन बघा. टेबल मुंबईत बनवलं असेल आणि तुम्ही व्हर्जिनियात शोधत असाल, तर ते दिसणारच नाही.
- ॲपसिंकची एपीआय की मुदत न दिल्यास सात दिवसांत संपते, आणि जास्तीत जास्त ३६५ दिवस चालते. सोमवारी चाललेला डेमो पुढच्या मंगळवारी परीक्षकांसमोर का मेला, याचं उत्तर अनेकदा हेच असतं.
- खरा फॉर्म खुला करण्याआधी एक खोटी नोंदणी करा आणि ती डेस्कच्या यादीत दिसते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. यासाठी कोडिंग यावं लागत नाही. यंदा आमच्याकडे हे काम मी अंगावर घेतलंय.

साताऱ्याची ती मुलगी? आम्ही तिला शेवटचा नंबर दिला. संध्याकाळी, रिकाम्या होत चाललेल्या हॉलमध्ये तिने एकपात्री केली आणि रात्रीच्या एसटीने परत गेली. सकाळी डेस्कवर ती चिडली नव्हती. तिने फक्त एवढंच विचारलं होतं, ‘पण ताई, मला तर मेसेज आला होता ना?’

आला होता. आमच्या ॲपने तिला शब्द दिला होता, आणि तो शब्द कुठे लिहून ठेवलाय हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. तुमच्या ॲपचं काय?