घाट गाजतो तो कडेला उभ्या माणसांनी

चैत्र लागला की खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यात यात्रा-जत्रांना भर येतो. सकाळी देवाला अभिषेक, मांडव-डहाळे, दुपारी बैलगाडे, मग पालखी, कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा, असा आपल्याकडच्या गावजत्रेचा ठरलेला बेत. यातलं बाकीचं एखादवेळी चुकलं तरी चालतं, पण घाट चुकवून चालत नाही. निमगाव-दावडीचा खंडोबा असो की थापलिंगचा, उन्हाची पर्वा न करता माणूस डोंगराच्या उतारावर जागा धरून बसतो तो गाडे बघायला.

घाट म्हणजे चढाची मातीची धावपट्टी. खाली गाडा जुंपायचा आणि वर निशाणापाशी वेळ मोजायची. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याला चार बैल, पुढं दोन आणि मागं दोन. कुणाच्या पुढं पळायचं नाही, पळायचं ते घड्याळाशी. सारा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा, पण तेवढ्यासाठी मालक वर्षभर बैलाला पोटच्या पोरासारखं जपतो. सातारा-सांगलीकडं निराळी तऱ्हा. तिकडं सपाट मैदानात हलकी छकडी घेऊन अनेक जोड्या एकदम सुटतात, गट, सेमी आणि फायनल होते. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतली शर्यत बघायला लांबलांबची माणसं जातात.

बघणारा काय बघतो?

नवख्या माणसाला वाटतं, धुरळा उडाला, गाडा गेला, संपलं. मुरलेल्या शौकिनाचं तसं नसतं. तो आधी जुंपणी बघतो. बैल तापलेत का, मान कुणी टाकली, चौघांचा पाय एका वेळी उचलतो की नाही. गाडा सुटला की निवेदकाचं "झाली झाली झाली... भिर्रर्र" सुरू होतं, भंडारा उधळला जातो, फेटे-टोप्या हवेत जातात. मग एकदम शांतता. सगळ्यांचे कान कर्ण्याकडं. "किती आलं, आबा?" "अजून सांगितलं न्हाय, गप ऱ्हा की!" सेकंद आणि वरचे पॉइंट पुकारले की एका कडेला उड्या आणि दुसऱ्या कडेला हळहळ. पूर्वी पंचांच्या हातातल्या घड्याळावरून भांडणं लागायची. आता पुष्कळ घाटांत विजेवरची घड्याळं आल्यापासून तो वाद कमी झाला आहे. दिवसभरात सर्वांत कमी वेळात येणारा गाडा घाटाचा राजा ठरतो आणि त्या गावात पुढं वर्षभर त्याच बैलांचं नाव निघतं.

कडेला भेळ-भत्ता, रेवडी, रसाची गुऱ्हाळं, बर्फाचे गोळे. सासुरवाडीचे पाहुणे इथंच भेटतात, सोयरिकी इथंच निघतात. बैलाचे सौदेही इथंच ठरतात. माण, आटपाडी भागातली खिलार जात अंगानं चपळ आणि पायानं हलकी. ट्रॅक्टर आल्यावर औतकाठीला बैलाची गरज उरली नाही. खिलार खोंडाला आज जो भाव मिळतो, त्यात शर्यतीच्या शौकाचा वाटा मोठा आहे.

बंदीची वर्षं

हा खेळ एकदा आपल्या हातून गेला होता, हे विसरून चालणार नाही. २०११ साली केंद्र सरकारनं प्रदर्शनासाठी व खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. राज्यानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. पुढं १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत कित्येक घाटांवर गवत उगवलं आणि यात्रेचे दिवस सुनेसुने गेले. ज्यांनी जिवापाड बैल सांभाळले, त्यांनी दावणीला उभ्या जनावराचा खर्च सोसला.

खेळ परत आला तो अटी घेऊन. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब नको. बैलाची पशुवैद्यकीय तपासणी हवी. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांतलं काही चालणार नाही. सगळ्याचं चित्रीकरण झालं पाहिजे. कायदा मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता जबाबदारी आपली

या अटी बहुतेकांना वाटतात मालकाच्या आणि यात्रा कमिटीच्या. प्रेक्षक म्हणतो, आपल्याला काय त्याचं, आपण आपलं बघून घरी जायचं. इथंच गल्लत होते.

घाटात गाड्यावर सहसा गाडीवान नसतो. एकदा गाडा सुटला की चार बैलांना आवरणारं वरच्या निशाणापर्यंत कुणी नाही. वाट दाखवतात ती दोन्ही कडांची माणसं. ती जागच्या जागी उभी असली की बैल सरळ वर जातो. कुणी मोबाईलवर चित्र काढायला दोन पावलं पुढं आला, कुणी उपरणं फडकावत मध्ये धावला, की बैल बुजतो आणि थेट गर्दीत शिरतो. त्या वेगाला ना शिंगाचा नेम ना चाकाचा. घाटात माणसं जायबंदी झाली, जीव गेले, घराचा कर्ता पुरुष गेला. मग कुटुंबानं कुणाकडं बघायचं?

बैलाला काठी घालणारा मालक नसतो, तर पुष्कळदा कडेचा हौशी पोरगा असतो, हेही तितकंच खरं. त्याचा हात कॅमेऱ्यात दिसतो आणि गुन्हा यात्रा कमिटीवर येतो. अशी चार उदाहरणं कुणी गोळा करून पुन्हा न्यायालयात गेला, तर कुठल्या तोंडानं सांगणार की आम्ही बैल जिवापाड जपतो म्हणून?

यात्रा कमिट्यांनी मजबूत लोखंडी कठडे, निशाणाच्या वर बैल थांबायला मोकळी जागा, पिण्याचं पाणी आणि रुग्णवाहिका एवढं केलंच पाहिजे. वर्गणीतला पैसा बक्षिसाचा आकडा फुगवण्याआधी इथं लागला पाहिजे. आणि बघणाऱ्यांनी लहान पोरं कठड्यापासून लांब बसवावीत, गाडा सुटल्यावर जागा सोडू नये, शेजारच्याच्या हातात काठी दिसली तर तिथंच काढून घ्यावी. "दादा, मागं सरा" असं कुणी म्हणालं तर त्याचा राग मानू नये.

येत्या हंगामात गावोगावच्या घाटांवर पुन्हा भंडारा उधळेल. बारी बघायला अवश्य जा, पण कठड्याच्या अलीकडं उभे राहून बघा.