फॅटचं ॲसिड

दुधाचा दर फॅटवर ठरतो, पण फॅट ज्या ॲसिडने मोजतात ते कसं तयार होतं, हे उत्पादकाला सहसा दिसत नाही. एका शीतकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी ते पाहिलं. संकलनाला आता यंत्रं आली, तरी त्यांचं माप पडताळायला गर्बर पद्धत लागतेच: 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाईल अल्कोहोल. ॲसिड प्रथिनं विरघळवतं, मोकळी झालेली फॅट ब्युटायरोमीटरच्या नळीत वर येते.

बाजारातलं तीव्र ॲसिड 98 टक्क्यांचं असतं. ते तसंच वापरलं तर दूध करपून फॅटखाली काळे कण जमतात. फार पातळ केलं तर प्रथिनं पुरती विरघळत नाहीत, पांढरट गाळ राहतो. हवं असतं 90-91 टक्क्यांचं. 27 अंश सेल्सिअसला त्याची घनता 1.807 ते 1.812 भरते.

लिटरभर ॲसिडला पाणी लागतं जेमतेम 150 मिली. एवढंसं पाणी ॲसिडमध्येच ओतावं असं वाटतं आणि घात तिथेच होतो. हलकं पाणी जड ॲसिडवर तरंगतं, जागीच उकळतं आणि ॲसिडचे शिंतोडे घेऊन उसळतं. प्रयोगशाळेतल्या ताईंनी चष्मा-हातमोजे चढवले, पाण्याचा बीकर थंड पाण्याच्या टबात ठेवला आणि काचेच्या कांडीवरून ॲसिडची बारीक धार धरली. थोडं ओतायचं, ढवळायचं, थांबायचं. पाणी कमी असल्याने पहिल्या काही धारांतच बीकर सणसणीत तापतो. तिथे घाई करणं म्हणजे डोळ्यांशी खेळ.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते नंतरचं थांबणं. दहा अंशांनी गरम असलेलं ॲसिड सुमारे 0.01 ने हलकं दिसतं. चालणारा फरक आहे अवघा 0.005 चा! गरम असतानाच हायड्रोमीटर सोडला की ॲसिड पातळ वाटतं, वर आणखी तीव्र ॲसिड पडतं आणि निवल्यावर ते दूध जाळतं. ताईंनी ते पूर्ण निवू दिलं, तापमान पाहिलं, मगच घनता वहीत लिहिली. बाटलीचं बूचही लगेच घट्ट लावलं, कारण हे ॲसिड हवेतला ओलावा ओढून आपोआप पातळ होतं.

उत्पादकांनो, फॅट कमी लागल्याची शंका आली तर गर्बर चाचणी मागा, आणि तिच्या ॲसिडची घनता किती, कोणत्या तापमानाला मोजली, हेही विचारा.