पर्यायकोश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहाडच्या कारखान्यात निघणाऱ्या धाग्याविषयी कोणी ग्रंथालयात विचारणा केली, तर एका पुस्तकात ती माहिती ‘रेयॉन’ या नावाखाली, दुसऱ्यात ‘व्हिस्कोस’ म्हणून, तर एखाद्या जुन्या ग्रंथात ‘कृत्रिम रेशीम’ या संज्ञेखाली असावयाची. आणि ज्यास यांपैकी एकच शब्द ठाऊक, त्याच्या दृष्टीने उरलेली पुस्तके कपाटात असून नसल्यासारखीच. ही अडचण निवारण करणाऱ्या पर्यायकोशाविषयी सुशिक्षितांतही काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : पर्यायकोश म्हणजे समानार्थी शब्दांची यादी.
वस्तुस्थिती : शब्दकोशात आपण शब्दाकडून अर्थाकडे जातो, पर्यायकोशात अर्थाकडून शब्दाकडे. ग्रंथालयीन पर्यायकोश तर एक संज्ञा मुक्रर करून तिच्या नात्यांचाही तपशील ठेवतो : रेयॉनच्या वर ‘मानवनिर्मित तंतू’, खाली ‘व्हिस्कोस’, शेजारी त्याचा कच्चा माल, म्हणजे लाकडाचा लगदा.

गैरसमज : ही कल्पना विलायती आहे.
वस्तुस्थिती : रॉजे यांचा प्रख्यात इंग्रजी कोश १८५२ सालचा, परंतु त्यापूर्वी कित्येक शतके अमरसिंहाने आपला कोश वर्णानुक्रमाने न लावता स्वर्ग, पाताळ, भूमी, वनौषधी, मनुष्य अशा वर्गांनी तीन कांडांत रचिला होता.

गैरसमज : राजव्यवहारकोश केवळ फारसी शब्दांच्या उच्चाटनासाठी झाला.
वस्तुस्थिती : शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या या कोशात संस्कृत प्रतिशब्द आहेत हे खरे; तथापि राज, कार्यस्थान, दुर्ग, लेखन, पण्य इत्यादी त्याचे दहा वर्ग पाहिले म्हणजे अखिल राज्यकारभाराचीच ती पद्धतशीर मांडणी असल्याचे ध्यानी येते. शिवाय उच्चाटन म्हणावे, तर दफ्तर आणि कारखाना हे फारसी शब्द आजही आपल्या जिभेवर आहेत.

गैरसमज : संगणकामुळे अशा कोशांचे प्रयोजन संपले.
वस्तुस्थिती : ‘कर’ म्हणजे हात की सरकारी पट्टी, हे केवळ अक्षरे जुळवून उमगत नाही. पवईच्या आयआयटीत सिद्ध झालेल्या मराठी वर्डनेटमध्ये म्हणूनच सुटा शब्द नव्हे, तर एकाच अर्थाच्या शब्दांचा समूह हा एकक मानिला आहे. शिवाय आपली ग्रंथालये जुनी आहेत : ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. इतक्या दीर्घ काळात वस्तूंची नावे पालटतात, आणि कालच्या संज्ञेची आजच्या संज्ञेशी गाठ घालून देणारा कोश यापुढे अधिकच लागणार आहे.

तो हाती येईतो वाचकाने ग्रंथपालाकडे एकच शब्द घेऊन जाऊ नये. आठवतील तेवढे पर्याय सोबत न्यावेत.