उन्हाळ्यात नदीवर कुत्री फिरवायचा धंदा: पैसे नक्की कशाचे घ्यायचे?

मार्चमधली गोष्ट. आपल्या कळंबचा एक पोरगा पुण्यात नोकरीला आहे. होळीला गावी आला तेव्हा दुकानात आला, काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला, "दादा, आमच्या तिकडं फ्लॅटवाले कुत्री पाळतात, पण फिरवायला कोणाले वेळच नाई. मी सकाळी पाच-सहा कुत्री एकत्र नदीवर नेली आन् महिन्याचे पैसे घेतले, तं चालन का?"

खरं सांगतो, आधी हसू आलं. आपल्या इथं कुत्रं दुकानासमोर सावलीत पडलेलं असतं, त्याला फिरवायचे पैसे कोण देणार? पण विचार केला. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, सातव्या मजल्यावर लॅब्राडोर. गरज आहे, पैसे द्यायची तयारी आहे, भांडवलही फार नको. मी एकच विचारलं, "मे महिन्यात काय करशील?" तो म्हणाला, "पुण्याचं ऊन ते काय ऊन दादा! आपण ४५ वाले."

इथंच तो चुकला. तीच चूक मी केलेली आहे, म्हणून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, दुकान उघडायच्या आधी, मी आमच्या शेरूला चक्रवती नदीवर घेऊन गेलो. निघायला साडेआठ झाले. मला ऊन जाणवत नव्हतं, पायात चप्पल, डोक्याला दुपट्टा. परत येताना शेरू रस्त्यातच बसला. जीभ बाहेर, लाळ घट्ट, डोळे भलतीकडेच. ओढलं तरी उठेना. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी सावलीत घे, पोटावर, मांड्यांत, पंजांवर साधं पाणी ओत, वारा घाल, तोंडात पाणी कोंबू नको, आणि लगेच घेऊन ये. वाचला. पण त्या दिवशी मला कळलं की कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा पंजांना येतो, बाकी सगळं काम धापा टाकूनच. त्याच्या शरीराचं तापमान मुळातच साधारण ३८.५ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवाशी खेळ. आणि पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर त्याला धापाही नीट टाकता येत नाहीत.

आता विचार करा, हे तुमच्या स्वतःच्या नाही, ग्राहकाच्या कुत्र्याला झालं तर? आणि हातात पाच पट्टे असताना झालं तर? एकाला उचलाल की चौघांना धराल?

म्हणून त्या पोराला सांगितलं, ग्राहक तुला चालण्याचे पैसे देत नाही. आपलं जनावर सुखरूप घरी येण्याचे देतो. तिथून सगळे नियम आपोआप निघतात. मे महिन्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेपाचला निघायचं आणि पावणेसातला शेवटचं कुत्रं घरी. संध्याकाळची फेरी सहाला नको, डांबर तेव्हाही तापलेलं असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवायची. नाही ठेववली तर कुत्र्याचे पंजेही भाजणार. एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन कुत्री. पग असेल तर गटात नाहीच.

नदीचंही तसंच. नदीकाठ म्हणजे गारवा, हे डोक्यातून काढा. उन्हाळ्यात शहरातल्या मुठेत वाहतं ते बरंचसं सांडपाणी, कुठे कुठे जलपर्णी. त्यात कुत्र्याला उतरू द्यायचं नाही. साचलेल्या घाण पाण्यातून लेप्टोसारखे रोग होतात. प्यायचं पाणी घरून न्यायचं. पहिल्याच दिवशी रेबीज आणि नाइन-इन-वन लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना बघायचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. माजावर आलेली कुत्री त्या दिवसांत गटात घ्यायची नाही, नाहीतर काठावरची सगळी भटकी मंडळी मागे लागतात. कोणाला चावा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना. तिथं लस मोफत असते. हळद-चुना लावत बसू नका रे बाबांनो.

आता पैशांचं. समजा सहा कुत्री, प्रत्येकी महिना १,८०० रुपये, म्हणजे १०,८००. मदतनीस ३,०००, पेट्रोल, पिशव्या, पट्टे मिळून १,३००. उरले ६,५००. छान वाटतं. पण मे महिन्यात मुलांना सुट्ट्या लागतात, दोन ग्राहक गावी जातात आणि महिन्याचे पैसे देत नाहीत. खर्च तोच, हातात २,९००. अशा वेळी पोरं काय करतात? भीतीपोटी ऊन असलं तरी नेतात, उशीर झाला तरी नेतात, पगही घेतात. धंदा इथं बुडतो, मार्चमध्ये नाही.

उपाय सुरुवातीलाच लिहून घ्यायचा. पैसे महिन्याच्या एक तारखेला आगाऊ. ऊन जास्त असेल त्या दिवशी नदी रद्द, त्याऐवजी वीस मिनिटं सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पैसे कापायचे नाहीत. आणि गावी जाणारा ग्राहक सोडायचा नाही. तो गेला तरी कुत्रं बहुतेक वेळा इथंच राहतं ना? त्याला रोज दोन फेऱ्या, जेवण, पाणी, याचा वेगळा दर. घराची किल्ली घेताना मात्र लेखी घ्या, आपल्या ओळखीच्याकडूनसुद्धा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

परवा त्याचा फोन आला. चार कुत्री झाली. एका ताईंचा पग नाकारला म्हणून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर दोन शब्द सुनावले. त्याला वाईट वाटलं होतं, मलाही वाटलं. पण त्याच ग्रुपमधल्या एकाने विचारलं म्हणे, "नाही म्हणाला तो कोण? त्याचा नंबर द्या."

आता त्याला पावसाळ्याची काळजी लागली आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद, मग फिरवायचं कुठं? दुसरा रस्ता तो आत्ताच पायी फिरून बघतोय. आणि मला विचारतो, "दादा, कुत्र्याचे रेनकोट ठेवता का?" आपलं जनरल स्टोअर आहे रे, म्हटलं, माणसांचेच संपत नाहीत.